स्नोबोर्डचे बूट: आधी टाच बघा, मग बोटं

यंदाच्या बर्फातल्या सहलीत उतार उत्तम होते, हवाही बरी होती, पण मागून जाणाऱ्यांना सांगण्यासारखं जे काही आहे ते बहुतेक बुटांबद्दलच आहे.

गटातल्या काहींकडे स्वतःचे बूट होते, बाकीच्यांनी तिथेच भाड्याने घेतले. त्यातला एक मित्र हील-साइडला, म्हणजे टाचेकडच्या कडेवर, झकास वळायचा, टो-साइडला, म्हणजे बोटांकडच्या कडेवर, मात्र बोर्ड उशिरा ऐकायचा. आपलंच तंत्र कच्चं, अशी त्याने समजूत करून घेतली. लिफ्टच्या पायथ्याशी बसून बूट उघडला तेव्हा खरं कारण सापडलं. बऱ्याच पायांखालून गेलेलं लायनर, म्हणजे बुटाच्या आतलं मऊ अस्तर, टाचेपाशी पार दबलं होतं. चवड्यावर भार दिला की टाच आतल्या आत बोटभर वर यायची आणि बोर्डची कड जागच्या जागीच. पकड यावी म्हणून त्याने लेस करकचून आवळल्या, तर पायाच्या वरच्या भागावर दाब येऊन बोटं बधिर. मग थंडी वाजते म्हणून दुसरा मोजा चढवला. आता रक्त फिरायलाही जागा उरली नाही, गारठा आणखी वाढला.

भाड्याच्या काउंटरवर परत जाऊन पाय मोजला. भिंतीला टाच टेकवून उभं राहायचं, सगळ्यांत लांब बोटापाशी खूण करायची, अंतर मोजायचं. 268 मिमी भरलं. हातात होता 28.5 चा बूट. मोंडोपॉइंट हा आकडा म्हणजे सेंटिमीटरमध्ये पायाची लांबी, त्यामुळे 27 मागायला हवा होता. रोजच्या बुटांचा नंबर सांगितला की हमखास असा मोठा बूट गळ्यात पडतो. दोन्ही पाय मोजा, संध्याकाळी मोजा. दिवसभरात पाय थोडे सुजतात.

घालून बघताना एकच पातळ, उंच मोजा हवा, लोकरीचा किंवा सिंथेटिक. सुती नको, घाम धरून ठेवतो. आतली थर्मल विजार बुटात खोचू नका, नडगीवर वळ उठतात. पाय आत गेला की टाच जमिनीवर दोनदा आपटा, म्हणजे ती मागच्या खोबणीत बसते, त्यानंतरच आवळा. ताठ उभं राहिल्यावर बोटं पुढे हलकी टेकायला हवीत, गुडघे वाकवल्यावर किंचित मागे सरकायला हवीत. मग चवड्यावर उभे राहा. टाच उचलली गेली तर तो बूट परत द्या, रंग कितीही आवडलेला असो. पंधरा-वीस मिनिटं तसेच वावरा. एका जागी टोचत असेल किंवा मुंग्या येत असतील, तर बर्फावर ते वाढणारच.

नवा बूट दुकानात थोडा घट्टच लागतो आणि ते बरोबर आहे, कारण वापराने फोम दबून जागा होते. बरीच लायनर उष्णतेने पायाच्या आकाराला बसवता येतात, दुकानातूनच करून घ्या. पाय रुंद असेल तर लांब नंबर घेऊ नका, रुंद मापाचा बूट शोधा.

साधी लेस, एका ओढीत आवळणारी स्पीड लेस की फिरवून तार आवळणारी बोआची चकती, यावर लोक तासन्‌तास भांडतात. मला विचाराल तर घोटा आणि नडगी वेगवेगळी आवळता येणं महत्त्वाचं. एकाच चकतीवर ते सहसा जमत नाही. कडकपणाचे आकडे एका कंपनीचे दुसरीशी जुळत नाहीत, तेव्हा वाकवूनच बघा. नवशिक्यांना मऊ बूट सोसतो.

विमानाने जात असाल तर बूट केबिनच्या सामानात घ्या. सामान हरवलं तर बोर्ड भाड्याने मिळतो, तुमच्या पायाला बसलेला बूट नाही मिळत. रात्री लायनर बाहेर काढून वाळवा, पण हीटरला टेकवून नको, फोम बिघडतो.