पुढचं कडवं

दुपारी वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालत बसले होते. वरच्या मजल्यावर कुणीतरी रेडिओ लावला होता. लताबाईंचा आवाज खाली उतरला, 'जन पळभर म्हणतील हाय हाय', आणि उशीचा अभ्रा अर्धवट घडी करून हातात तसाच धरून मी हसत सुटले. एकटीच. गाणं एवढं करुण, पण मला ते गंभीर चेहऱ्याने ऐकता येत नाही. सहा वर्षांची असताना मी त्याचा जो अर्थ लावला, तो अजून पिच्छा सोडत नाही.

अर्थ असा: एक बाई कुणाच्या तरी घरच्या कार्यातून लवकर निघाली आहे. दारापर्यंत जाताना ओळखीपाळखीचे लोक तिला 'हाय! हाय!' करतात. तेही पळभरच, कारण सगळे गडबडीत. आणि ती मनाशी म्हणते, मी गेले म्हणून कार्य थोडंच राहणार आहे? मला हे अगदी पटायचं. आमच्या घरातलं कुणीही समारंभातून काढता पाय घेताना असंच बोलायचं, 'चला, आपल्यावाचून काही अडत नाही.' पुढे सूर्य तळपतात, चंद्र झळकतात, ती मला हॉलमधली रोषणाई वाटे.

हे भा. रा. तांब्यांनी मरणावर लिहिलंय हे पुष्कळ नंतर कळलं. पण खरं सांगू का, दोन अर्थांत तसं फार अंतर नाही. कवी लवकर निघालाय, एवढंच.

तांब्यांनी मला दोनदा फसवलं. दुसऱ्यांदा उलट्या बाजूने.

आत्या आमच्याकडेच राहायची. मैत्रिणींच्या आत्या सुट्टीत यायच्या आणि जायच्या, आमची होतीच. का, हे विचारायचं नसतं, एवढं कुणी न सांगताही आम्हा मुलांना कळलेलं होतं. शिवणाच्या मशीनवर बसली की ती 'नववधू प्रिया मी बावरते' म्हणायची. 'लाजते, पुढे सरते, फिरते' या ओळीला बरोबर कापड पुढे सरकायचं आणि कोपऱ्याशी येऊन फिरायचं, त्यामुळे हे शिवणकामाचंच गाणं आहे अशी माझी बरीच वर्षं समजूत होती. 'मला येथला लागला लळा, सासरि निघता दाटतो गळा' इथपर्यंत आत्या यायची आणि पुन्हा धृवपदावर जायची.

"पुढचं म्हण ना."

"पुढचं येत नाही गं."

आठवीत बाईंनी ही कविता समजावून सांगितली. नवरी म्हणजे जीव, आणि ती ज्याच्या घरी निघाली आहे तो प्राणसखा म्हणजे मृत्यू. विश्वास बसत नसेल तर शेवटी पाहा, म्हणाल्या: 'खरे घर ते'. वर्गात एकदम शांतता. मागच्या बाकांवरच्यासुद्धा. मी दप्तर न टाकताच आत्यासमोर जाऊन उभी राहिले आणि म्हणाले, "तू जे म्हणतेस ना, ते मरणाचं गाणं आहे."

तिच्या तोंडात दोरा होता. तो सुईत ओवून होईपर्यंत मला थांबावं लागलं.

"असेल बाई. पण तुमच्या बाईंना कसं कळलं?"

"शेवटच्या कडव्यात आहे."

"मग बरोबर," आत्या म्हणाली. "मला तेच येत नाही."

त्यानंतर दोनेक वर्षं मी घरात कुणाला धड गाऊ दिलं नाही. नाव म्हणजे देह, नावाडी म्हणजे देव, पाखरू उडालं की प्राण गेला. भाऊ आंघोळ करताना हिंदी सिनेमातलं प्रेमगीत म्हणायचा, तेव्हा दाराबाहेरून मी त्याला सांगायची, "यातली प्रेयसी म्हणजे माया आहे." आतून उत्तरादाखल तांब्या आपटल्याचा आवाज यायचा. (धातूचा.)

दोष माझ्या एकटीचा नाही. मुक्ताबाईची मुंगी आकाशात उडते आणि सूर्य गिळते. नाथांचा विंचू चावतो, तो काम-क्रोधाचा निघतो. अशा भाषेत वाढलेल्या माणसाला साधा, पायाखाली येणारा विंचू दिसणार कसा? त्यात शाळेतला तो प्रश्न, 'कवीला येथे काय सुचवायचे आहे?' कवीला जे म्हणायचं होतं ते त्याने म्हटलेलंच असायचं, पण त्याला गुण नसत.

यावर एकानेच बरोबर सूड उगवला. 1967 मध्ये जॉन लेननला त्याच्या जुन्या शाळेतल्या एका मुलाचं पत्र आलं, की आमच्या वर्गात तुमच्या गाण्यांचं रसग्रहण चालतं. तेव्हा लेनन 'आय अ‍ॅम द वॉलरस' लिहीत होता. त्याने त्यात मुद्दाम काहीच्या बाही भरलं, म्हणे लावा आता अर्थ. लोकांनी लावले. अजून लावतात.

अर्थ खरोखरच लपवावा लागतो तेव्हाची गोष्ट वेगळी. 1943 च्या 'किस्मत'मध्ये कवी प्रदीप यांनी 'दूर हटो ऐ दुनियावालो, हिंदुस्तान हमारा है' लिहिलं आणि आत 'जर्मन हो या जापानी' एवढे शब्द पेरून ठेवले. महायुद्ध चालू होतं, ते दोघे इंग्रजांचेच शत्रू. सेन्सॉरला काय, आपल्याच बाजूचं गाणं वाटलं. थिएटरातल्या लोकांना मात्र कुणाला दूर हटायला सांगितलंय ते बरोबर कळलं.

याच्या नेमकं उलट अमेरिकेत झालं. 'लुई लुई' नावाचं एक गाणं किंग्जमेन या बँडने 1963 मध्ये रेकॉर्ड केलं. गायकाचे शब्द इतके बोबडे, की त्यात काहीतरी अश्लील दडलंय असा पालकांना संशय आला. तक्रारी थेट वरपर्यंत गेल्या आणि एफबीआयने तपास सुरू केला. रेकॉर्ड हळू फिरवून ऐकली, जोरात फिरवून ऐकली. शेवटी निष्कर्ष निघाला की कुठल्याही वेगाने वाजवा, शब्द कळत नाहीत. मूळ गाण्यात एक खलाशी लुई नावाच्या माणसापाशी आपल्या दूरच्या प्रेयसीची आठवण काढतो, बस. त्या अधिकाऱ्यांविषयी मला फार जिव्हाळा वाटतो. कानाला हेडफोन लावून सरकारी पगारावर रसग्रहण करत बसलेली ती माणसं मला माझ्या आठवीच्या वर्गातलीच वाटतात.

तर, आत्या. नाथांचं 'सत्वर पाव गे मला' हे भारूडही ती म्हणायची, आणि मी त्यालाही सोडलं नाही. तुम्हाला माहीतच आहे, त्यात एक बाई भवानीआईला एकेक मागणं घालते: सासरा गावाला गेलाय, त्याला तिकडेच खपव, सासू जाच करते, तिला लवकर निर्दाळ, नणंदेचं पोर किरकिर करतं, त्याला खरूज होऊ दे. मी आत्याला समजावून सांगितलं, की ही माणसं खरी माणसं नाहीतच. हे सगळे आपले विकार, अहंकार वगैरे, आणि मागणारी बाई म्हणजे मोकळा होऊ बघणारा जीव.

"आणि नणंदेचं पोर?"

"तेही काहीतरी असणारच."

आत्या इतकी हसली की मशीनचा पट्टा निसटला. डोळे पुसत म्हणाली, "नको गं. माझी सासू सासूच राहू दे."

भारूडाचं तिला सगळं पाठ होतं. 'एकाजनार्दनी सगळेचि जाऊं दे, एकलीच राहू दे मला' ही शेवटची ओळ ती मशीन थांबवून म्हणायची, चांगली खणखणीत. आई स्वयंपाकघरातून "अहो वन्सं, हळू" म्हणायची. तसं तिला बाकीचंही पुष्कळ यायचं. अंगाया, नाट्यपदं, रेडिओवर दोनदा ऐकलेली भावगीतं. कडवं चुकलेलं, ओळ गाळलेली मी कधी ऐकली नाही.

'नववधू'चंच काय ते पुढचं यायचं नाही. दाटतो गळा, आणि परत धृवपद.

वरचं गाणं कधीच संपलंय, आता कसल्यातरी जाहिराती चालल्यात. तिला ते कडवं खरंच येत नव्हतं का, हे विचारायचं राहून गेलं. आणि या अभ्र्याचा जोडीदार कुठे दिसत नाहीये.