अम्मान, जपान आणि शेवटचे चार पॉइंट

बास्केटबॉल खेळते म्हटलं की लोक दोन गोष्टी विचारतात, उंची किती आणि इंडियाकडून बाहेर खेळलीस का, आणि हो म्हटलं की तिथेच उभ्या उभ्या मोबाईलवर शोधतात. मग त्यांना 2021 च्या विमेन्स एशिया कपचा स्कोअर सापडतो, जपान 136 भारत 46, आणि पुढे काय बोलावं हे त्यांना सुचत नाही. माझ्यासाठी मात्र ती टूर 136-46 ची कधीच नव्हती. ती 74-70 ची होती, आणि त्या मॅचबद्दल मला आजवर कोणीच विचारलेलं नाही, म्हणून मीच लिहिते.

आधी थोडं बॅकग्राउंड, कारण त्याशिवाय ते चार पॉइंट कळणार नाहीत. एशिया कपमध्ये दोन डिव्हिजन असतात. ए मध्ये आठ टीम, जपान, चीन, कोरिया, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड वगैरे, आणि बाकीचे देश बी मध्ये. 2017 ला बंगळुरूत आपल्या बायकांनी बी ची फायनल कझाकस्तानविरुद्ध 75-73 ने जिंकली आणि ए मध्ये जागा मिळवली. मी तेव्हा टीममध्ये नव्हते, रेल्वेत नवीन लागले होते, ऑफिसमध्ये टेबलाखाली फोन धरून बघत होते आणि शेवटच्या बझरला एवढ्या जोरात ओरडले की शेजारच्या सेक्शनमधले लोक बघायला आले. दोन पॉइंटने मिळालेली जागा होती ती. 2021 ला जॉर्डनच्या राजधानीत, अम्मानला, आम्ही गेलो ते ती टिकवायला.

आणि गेलो कसे ते पण सांगते. डिसेंबर 2019 ला लुधियानाला सीनियर नॅशनल झाली, त्यानंतर कोविड, आणि मग थेट एप्रिल 2022 ला चेन्नईला पुढची नॅशनल. म्हणजे आम्ही जॉर्डनला निघालो तेव्हा जवळपास दोन वर्षं देशात सीनियर नॅशनल झालीच नव्हती. मी नागपूरला घरी होते तेव्हा कोर्ट बंद, जिम बंद, गच्चीवर बॉल आपटायचा म्हटलं तर खालच्या काकूंना दुसऱ्या लाटेतून उठून जेमतेम महिना झालेला, त्यांची झोप कशी मोडणार. मग सकाळी जिने चढायचे आणि संध्याकाळी भिंतीवर पास मारायचे, तेही टॉवेल गुंडाळून आवाज कमी करून. बाबा म्हणायचे हात तरी चालू ठेव. हात चालू राहिले पण मॅचचा दम घरात येत नाही, तो मॅच खेळूनच येतो, कॅम्पला पहिल्यांदा पाच-पाच खेळलो तेव्हा सगळ्यांनाच ते कळलं.

बाहेरची टूर म्हणजे फिरणं, असं घरच्यांना वाटतं. आम्ही कोविडच्या बबलमध्ये होतो, म्हणजे बाहेरच्या कोणाला भेटायचं नाही. हॉटेल, बस, प्रिन्स हमजा हॉल, परत बस, परत हॉटेल, आणि मध्ये नाकात काडी घालून टेस्ट. हा हॉल अल हुसेन युथ सिटी नावाच्या मोठ्या स्पोर्ट्स कॉम्प्लेक्समध्ये आहे. अम्मान मी पाहिलं ते बसच्या काचेतून, टेकड्याच टेकड्या आणि त्यांच्यावर एकाच पांढुरक्या दगडाची चौकोनी घरं, रस्ता सारखा चढतो आणि उतरतो. रोमन लोकांनी बांधलेलं जुनं थिएटर शहराच्या मध्यभागी आहे म्हणे, तिथे काही जाता आलं नाही. आपण त्यांच्या अडीच तास पुढे, म्हणजे मॅच संपवून जेवून रूमवर येऊन आईला फोन करावा तर नागपूरला मध्यरात्र उलटून गेलेली असायची, आणि तरी ती पहिल्या रिंगला उचलायची.

खायचं मात्र छान होतं. हमस, ऑलिव्ह, लबने म्हणजे घट्ट दही, गरम गरम खुब्ज म्हणजे त्यांची रोटी, तो झातर मसाला तेलात कालवून पोळीला लावून खातात तो तर मला इतका आवडला की मी त्यातच शेंगदाण्याची चटणी मिसळली. चटणी आईने दिलेली, दोन पुड्या, आणि मेतकूट. तिसऱ्या दिवसापर्यंत मेतकूट सगळ्या टीमचं झालं होतं. आमच्यात केरळच्या मुली होत्या, तमिळनाडूच्या होत्या, उत्तरेकडच्या होत्या, सीनियर्सना कोणी चेची म्हणतं कोणी अक्का कोणी दीदी, आणि कोर्टवर जी भाषा चालते ती कुठल्याच राज्याची नाही, हेल्प, स्विच, बॉल बॉल बॉल, पीछे देख, आणि खूपच गडबड झाली की ज्याची त्याची आईची भाषा तोंडातून येते. मी मराठीत ओरडायचे "सोडू नको गं" आणि माझी केरळची रूममेट बरोब्बर त्याच वेळी समोरच्या प्लेयरला चिकटायची. अर्थ तिला कधी सांगावा लागला नाही.

आणखी एक गोष्ट जी कोणी सांगत नाही, जर्सी. मॅचच्या जर्सीचे दोन सेट, एक फिका एक गडद, आणि मॅचा लागोपाठ. हॉटेलची लाँड्री महाग, शिवाय वेळेत देतील याची गॅरंटी नाही, त्यामुळे रात्री बाथरूममध्ये बसून शांपूने जर्सी धुवायची, टॉवेलमध्ये गुंडाळून पिळायची आणि एसीच्या झोतासमोर हँगरला लावायची. छातीवर इंडिया लिहिलेलं असतं ना, ते पिळताना मी कायम आतल्या बाजूने पिळायचे, प्रिंट तडकू नये म्हणून. बाबांनी विचारलं होतं की इंडियाची जर्सी घातल्यावर कसं वाटतं. राष्ट्रगीताच्या वेळी जे वाटतं ते वाटतंच, अंगावर काटा येतो, पण मला ती जर्सी खरी माझी वाटायची ती रात्री धुताना.

आता जपान. ऑगस्टमध्ये टोकियोला ऑलिंपिक सिल्व्हर घेतलेलं त्यांनी, फायनलला अमेरिकेशी 90-75 असं हरून. त्याच स्पर्धेत फ्रान्सविरुद्धच्या सेमीत त्यांच्या रुई माचिदाने एकटीने 18 असिस्ट दिले होते, म्हणजे ज्यावर लगेच बास्केट होते असे पास, ऑलिंपिक रेकॉर्ड. आणि दीडच महिन्यात पहिल्याच दिवशी ती टीम आमच्यासमोर. लोकांना वाटतं उंचीमुळे मार खाल्ला असेल. अजिबात नाही, जपानच्या मुली उंचीला बास्केटबॉलच्या मानाने साध्याच आहेत. ते हरवतात ते स्पीडने. आपण बास्केट घातली की आपण अर्धा सेकंद खूश होतो, तेवढ्यात त्यांचा बॉल लाइनबाहेरून आत येऊन हाफकोर्टच्या पुढे गेलेला असतो, आणि थ्री-पॉइंट लाइन, जिच्या मागून मारलं की दोनऐवजी तीन पॉइंट मिळतात, ती 6.75 मीटरवर आहे तर त्या तिच्याही एक पाऊल मागून मारतात, पाचच्या पाच जणी, म्हणजे सेंटर पण. मग डिफेन्सला आत थांबायचं की बाहेर पळायचं? बाहेर पळालं की ड्राइव्ह, म्हणजे बॉल घेऊन थेट बास्केटकडे घुसणं, आत थांबलं की थ्री. आणि आपला बॉल असला की फुल कोर्ट प्रेस, म्हणजे पूर्ण कोर्टभर अंगावर येणं, आठ सेकंदांत बॉल पुढच्या अर्ध्यात न्यायचा असतो, तो नेतानाच दोघी येऊन कोंडीत पकडतात.

मी उतरले तेव्हा माझ्यासमोर जी होती ती माझ्या खांद्याएवढी. पण तिचे पाय बघायला हवे होते, कधीच सरळ उभे नाहीत, कायम गुडघ्यात वाकलेले, बॉल कोर्टच्या दुसऱ्या टोकाला असला तरी. मी बॉलशिवाय चालत होते आणि ती बॉलशिवाय धावत होती. तीस पॉइंटने पुढे असतानाही तशीच, साठने असतानाही तशीच, आणि ह्याचा मला राग नाही आला, उलट बरं वाटलं, त्यांनी आम्हाला पूर्ण खेळून मारलं. हळू खेळल्या असत्या तर मला जास्त लागलं असतं. मॅचनंतर त्या आमच्या बेंचसमोर येऊन वाकल्या. बसमध्ये कोणी बोललं नाही. मग मागच्या सीटवरून अक्का एवढंच म्हणाली, उद्या कोरिया.

आणि कोरियाला आम्ही 69 पॉइंट टाकले! हरलो 107-69 ने, पण बघा ना, कोरिया पण टोकियो ऑलिंपिक खेळून आलेली टीम, आणि एका मॅचमध्ये आमचा स्कोअर 23 ने वाढला. प्लेयर्स त्याच, कोच तेच, ठरवलेल्या चाली त्याच. फरक एवढाच की जपानने आम्हाला मॅच काय असते ते परत आठवून दिलं होतं, पास हातातून लवकर सुटायला लागला, प्रेसला घाबरून बॉल धरून ठेवणं कमी झालं. न्यूझीलंडशीही हरलो, त्यांचं अंग भारी पडलं, चुकलेल्या शॉटच्या बॉलसाठी, म्हणजे रिबाउंडला, त्यांना अंगाने मागे रोखणं म्हणजे दरवाजा ढकलल्यासारखं. त्यावर जास्त लिहीत नाही.

ग्रुपमध्ये चौथे आलो म्हणजे समोर दुसऱ्या ग्रुपमधली चौथी टीम, फिलिपिन्स. जिंकेल तो ए मध्ये राहणार, हरेल तो बी मध्ये जाणार. 2019 ला बंगळुरूमध्येही आपल्याला ह्याच फिलिपिन्सने हरवलं होतं. त्या मॅचच्या आदल्या दिवशीचं व्हिडिओ सेशन मला अजून आठवतं कारण पहिल्यांदाच सगळ्या जणी प्रश्न विचारत होत्या, सर थांबवा, परत दाखवा, ही डाव्या हाताने जाते का, हिला थ्री सोडायचा का. जपानच्या आधीच्या सेशनला आम्ही नुसत्या बघत होतो.

फिलिपिन्समध्ये बास्केटबॉल म्हणजे आपल्याकडचं क्रिकेट आहे, हे माहीत होतं. पण कोर्टवर त्या आमच्याच मापाच्या होत्या, कुठे आम्ही उंच कुठे त्या चपळ, आणि पूर्ण मॅच अंगाला अंग लावून झाली. शेवटी तर बेंचवर बसायला कोणीच तयार नव्हतं, टॉवेल हातात घेऊन सगळ्या उभ्या, आणि आपल्याकडचा प्रत्येक शॉट सुटला की बारा जणींचा श्वास अडकायचा. 74-70. चार पॉइंट म्हणजे दोन बास्केट, बास्केटजवळचा एक सुटलेला सोपा लेअप आणि एक रिबाउंड. चाळीस मिनिटांत बॉल आपल्या हातात आला अशा कुठल्याही दोन वेळा. 2017 ला दोन पॉइंटने मिळालेली जागा चार पॉइंटने गेली.

90 ने हरल्यावर कोणी रडलं नव्हतं. चारने हरल्यावर लॉकर रूममध्ये ज्या सगळ्यात सीनियर होत्या त्या सगळ्यात जास्त रडल्या. त्यांना हिशोब माहीत होता. ए मधून गेलं की जपान, चीन, ऑस्ट्रेलियाशी मॅच नाही, वर्ल्ड कपच्या क्वालिफायरचा रस्ता एशिया कपच्या ए मधूनच जातो तोही बंद, आणि परत वर यायचं तर बी जिंकावी लागते, तेही दोन वर्षांनी. दोन वर्षं म्हणजे तिशी ओलांडलेल्या प्लेयरसाठी काय असतं ते तिलाच माहीत. आमच्या खेळात अनिता पॉलदुराई अक्का आहेत, पद्मश्री मिळालेल्या, आई झाल्यानंतर परत येऊन इंडिया खेळल्या, पण तसं परत येता येणाऱ्या किती असतात?

माझं म्हणणं एवढंच आहे, आणि हे मी कोणालाही कुठेही सांगायला तयार आहे. जपान आणि आमच्यातले 90 पॉइंट हे टॅलेंटचे नाहीत. जपानच्या मुली त्यांच्या डब्ल्यू लीगमध्ये पूर्ण सीझन खेळतात, कोरियात डब्ल्यूकेबीएल आहे, ऑस्ट्रेलियात डब्ल्यूएनबीएल आहे. आमच्याकडे तेव्हा बायकांची प्रोफेशनल लीगच नव्हती. रेल्वे आहे, केरळची इलेक्ट्रिसिटी बोर्डाची टीम आहे, त्यांच्यामुळे घर चालतं आणि खेळ चालतो, त्यांचे उपकार आहेतच, पण वर्षात कडक मॅचा मोजक्याच. अम्मानमध्ये पहिल्या मॅचपासून शेवटच्या मॅचपर्यंत टीम किती सुधारली ते मी आतून पाहिलंय. एका आठवड्यात 46 वरून 70 वर येणारी टीम वर्षभर अशा मॅचा खेळली तर कुठे जाईल? जे लोक म्हणतात आपल्या मुलींची उंचीच नाही त्यांनी जपानची टीम शेजारी उभी करून बघावी.

2023 ला हांगचौ एशियन गेम्सला आपल्या टीमने इंडोनेशियाला हरवलं, मंगोलियाला हरवलं आणि क्वार्टर फायनल गाठली. मी घरी बसून बघितलं, मंगोलियाची मॅच शेवटपर्यंत अटीतटीची चालली होती आणि ह्यावेळी ती आपल्या बाजूने आली. मी सोफ्यावर उभी राहून "सोडू नको गं" ओरडत होते, आई म्हणाली आता तरी बस.

जाता जाता, ज्यांच्या मुली अंडर-16 किंवा अंडर-18 च्या कॅम्पला जातायत आणि मला मेसेज करून काय काय न्यायचं विचारतात त्यांच्यासाठी. पासपोर्ट आधी काढा, सिलेक्शननंतर धावपळ करू नका, आणि जन्मदाखला, शाळेचा दाखला आणि पासपोर्ट तिन्हीवर नाव आणि तारीख अक्षर न अक्षर सारखी असू द्या, वयोगटात हेच सगळ्यात आधी बघतात. बूट दोन जोड, एक हँड बॅगमध्ये, कारण सामान हरवलं तर बाकी सगळं उसनं मिळतं पण आपल्या मापाचे बूट मिळत नाहीत. हँगर न्या. खायला सुकं द्या, पण द्याल ते बारा जणींचं द्या.