मेणाचा पाय

निघताना आईने हातात दोनशे रुपये ठेवले. "माझ्या गुडघ्यासाठी मेणाचा पाय वाह." मी थांबलो. "आणि डोकं?" ती चपला शोधत राहिली.

२०१२ साली मी तिला सांगितलं होतं की मला पुरुष आवडतात, लग्न करणार नाही. त्या सप्टेंबरात तिने बांद्र्याला मोत मावलीपुढे, म्हणजे माउंट मेरीपुढे, मेणाचं डोकं वाहिलं. पोराचं डोकं ठिकाणावर येऊ दे! पुढे दरवर्षी एक. गेल्या वर्षीपर्यंत बारा झाली.

७ सप्टेंबर २०२४, शनिवार. दुसऱ्या दिवशी मारियामातेच्या जन्माचा सण. दुपारी तीनला आम्ही अकराजण वसईहून चालत निघालो. पन्नासेक किलोमीटर, बहुतेक सगळे हायवेने. मावश्या पुढे, जपमाळा हातात, "नमो मरिया"चा ठेका पावलांना धरून. गणेशचतुर्थीही त्याच दिवशी, त्यामुळे सातिवलीपासून प्रत्येक मंडपाचा स्पीकर आमच्या रोझरीत घुसत होता. वर्सोवा पुलावर ट्रकच्या वाऱ्याने छत्र्या उलट्या झाल्या.

"तुझा मित्र नाही आला यंदा?" शेजारच्या मावशीने विचारलं.

"त्याच्या घरी गणपती असतो."

"हो की," म्हणत तिने मणी पुढे सरकवला. त्याच्या चिपळूणच्या घरात मी रूममेट आहे, आमच्याकडे तो मित्र. मावशीला सगळं कळतं असा माझा संशय आहे.

चर्च मात्र शब्दांत बोलतं. धर्मशिक्षण ग्रंथाच्या २३५७व्या परिच्छेदात आमचा संबंध मुळातच बिघडलेला ठरतो. लगेच २३५८व्यात आम्हाला आदराने, करुणेने वागवा, अन्याय्य भेदभाव करू नका. २३५९व्यात जन्मभर ब्रह्मचर्य. तीन परिच्छेदांत आख्खं आयुष्य! तरी २०१३च्या डिसेंबरात सुप्रीम कोर्टाने समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारं ३७७ कलम पुन्हा उभं केलं, तेव्हा चर्चने समलिंगी माणसांना कधी गुन्हेगार मानलेलं नाही, असं मुंबईचे कार्डिनल ओस्वाल्ड ग्रेशस उघडपणे म्हणाले होते. ते मी विसरलेलो नाही. २०१८च्या ६ सप्टेंबरला कोर्टानेही ते मान्य केलं.

मग १८ डिसेंबर २०२३ला रोमहून पत्रक आलं: समलिंगी जोडप्याला फादर आशीर्वाद देऊ शकतात, पण विधी म्हणून नाही, लग्नासारखं दिसता कामा नये. जगभर गदारोळ झाल्यावर जानेवारीत खुलासा आला की हा आशीर्वाद दहा-पंधरा सेकंदांचा असावा. रात्री दहिसरला सिग्नलपाशी मला ते आठवलं आणि एकटाच हसलो. तो सिग्नलसुद्धा आम्हाला त्याहून जास्त वेळ देत होता.

गोरेगावला पायाला फोड आला. अंधेरीच्या पुलाखाली चहा झाला. वाकोल्यापर्यंत कुणी कुणाशी बोललं नाही.

मेरीच्या टेकडीवर पोचलो तेव्हा पहाटेची मिस्सा चालू होती. ख्रिस्तप्रसादाची, म्हणजे रांगेत जाऊन पवित्र भाकर घेण्याची, वेळ आली. काही वर्षांपूर्वी एका फादरांनी कुमसाराच्या, म्हणजे पापकबुलीच्या, जाळीपलीकडून सांगितलं होतं, त्याला सोडल्याशिवाय क्षमा नाही. त्यानंतर सात वर्षं मी त्या रांगेत गेलो नाही. प्रत्येक रविवारी बाकावर गुडघे तिरके करून इतरांना वाट द्यायची, आणि गावच्या चर्चमध्ये कोण उठलं नाही हे पाठीलाही दिसतं. त्या फादरांचा राग आता येत नाही. ते ग्रंथ वाचून बोलले. पण ग्रंथाने मला पाहिलेलं नव्हतं, आणि मी बारा वर्षं त्याच माणसाचा डबा भरतोय.

त्या पहाटे मी उठलो. नियमाने आधी कुमसार हवा होता. "ख्रिस्ताचे शरीर," समोरचे अनोळखी फादर म्हणाले. "आमेन" म्हणताना आवाज फुटला, तो थकव्याने असं मावशीला वाटलं असावं. तिने पाण्याची बाटली पुढे केली.

नंतर उताराच्या दुकानांकडे गेलो. हात, पाय, घरं, बाळं, डोकी, सगळी पिवळट मेणाची, पावसाने ओलसर. विकणारीने नेहमीच्या सवयीने डोकं उचललं.

"नको. नुसता पाय."

पाय वाहिला आणि आईला फोन लावला. पैसे उरलेत म्हटलं.

"किती?"

"शंभराच्या वर."

थोडा वेळ तिच्याकडून फक्त कुकरची शिट्टी ऐकू आली.

"मग दोन मेणबत्त्या लाव," ती म्हणाली, "आणि चालत येऊ नकोस, गाडीने ये."