मोठी ती मादी, लहान तो नर

नुसत्या हाडाच्या लांबीवरून प्राण्याची जात ठरवायची नाही, हे मी टीवायच्या मुलांना दरवर्षी सांगते. पण सांगून ते पटत नाही. म्हणून मुळशीकडच्या एका घरातून, एकाच खुराड्यातल्या गावरान कोंबड्यांचे आणि कोंबड्याचे पाय मागवते. उकळून, सोड्यात भिजवून, जुन्या ब्रशने घासून हाडं स्वच्छ करते आणि कुठलं कुणाचं ते न सांगता पुण्यातल्या आमच्या लॅबच्या टेबलावर मांडते.

पक्ष्याच्या पायात वर मांडीचं हाड, मग नडगी (हॉटेलातली टंगडी ती हीच) आणि तिच्याखाली, खवल्यांच्या कातडीत, टार्सोमेटाटार्सस. घोट्याची काही आणि तळपायाची हाडं एकजीव होऊन हे बनतं. कोंबडीच्या या हाडाच्या खालच्या टोकाला तीन गोल उंचवटे असतात आणि प्रत्येकावर पुढचं एकेक बोट फिरतं. शहामृगाला दोनच बोटं, म्हणून तिथे उंचवटेही दोन. सांध्याचं टोक असं बरंच काही सांगून जातं. मुलांचा हात मात्र आधी व्हर्नियरकडे, म्हणजे लांबी-जाडी मोजायच्या पट्टीकडे जातो. कोंबड्याचं हाड लांब, जाड, आणि मागच्या अंगाला झुंजीच्या काट्याचा हाडाचा खुंट. कोंबडीचं आखूड, सडपातळ, गुळगुळीत. टेबलावर दोन ढीग होतात आणि कुणीतरी ठामपणे म्हणतं, "मॅडम, या दोन वेगळ्या जाती आहेत."

मग मी मोआची, म्हणजे न्यूझीलंडमधल्या, आता नामशेष झालेल्या थोराड पक्ष्याची गोष्ट काढते.

१८३९ साली लंडनमध्ये शरीररचनेचा अभ्यासक रिचर्ड ओवेन याच्या हाती न्यूझीलंडहून आलेला एक तुकडा पडला. साधारण १५ सेंटिमीटरचा, मांडीच्या हाडाचा मधला भाग, दोन्ही टोकं तुटलेली. म्हणजे ज्या सांध्यांवरून ओळख पटवायची, ते सांधेच गायब! ओवेनने तो इतर प्राण्यांच्या हाडांशेजारी ठेवून पाहिला, पृष्ठभाग आणि आतली जाळी तपासली आणि सांगितलं की हे पक्ष्याचं हाड आहे, शहामृगासारख्या पण त्याहून जड, उडता न येणाऱ्या पक्ष्याचं. तेव्हा या निष्कर्षाबद्दल शंका घेतल्या गेल्या. १८४३ मध्ये न्यूझीलंडहून हाडांच्या पेट्याच आल्या आणि त्याचं म्हणणं खरं ठरलं. त्या तुकड्याकडे इतक्या धीराने बघणाऱ्या माणसाबद्दल मला मनापासून आदर वाटतो.

पुढे हाडांचा पूर आला आणि नावांचाही. खुद्द ओवेननेच कितीतरी जातींना नावं दिली. १९०७ मध्ये रॉथशिल्ड या इंग्रज पक्षी-संग्राहकाने केलेल्या यादीत मोआच्या तीसहून जास्त जाती होत्या. मोआला पंखाचं एकही हाड नाही, त्यामुळे सगळी भिस्त पायांवर, आणि पाय लहान, मध्यम, मोठे असे हवे तेवढे. सर्वांत थोराड मोआंच्या, म्हणजे डायनॉर्निसच्या, बराच काळ तीन जाती मानत. तिन्ही न्यूझीलंडच्या उत्तर आणि दक्षिण अशा दोन्ही बेटांवर एकत्र राहणाऱ्या.

२००३ मध्ये दोन गटांनी हाडांतला डीएनए काढला. पक्ष्यांमध्ये डब्ल्यू गुणसूत्र फक्त मादीत असतं, त्यामुळे हाड मादीचं की नराचं हे थेट कळतं. थोराड हाडं सगळी माद्यांची निघाली, लहान हाडं नरांची. तीन जाती उरल्याच नाहीत. उत्तर बेटावर एक, दक्षिण बेटावर एक. सर्वांत मोठी मादी सर्वांत मोठ्या नराच्या दीडपट उंच आणि २.८ पट वजनदार! नवरा-बायकोला दीडशे वर्षं वेगवेगळ्या कप्प्यांत ठेवलं होतं. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी जेवायचं विसरले होते. आज मोआच्या साधारण नऊ जाती धरतात.

वयाचाही घोळ असतो. आजचे बहुतेक पक्षी वर्षाच्या आत पुरते वाढतात, म्हणून त्यांच्या हाडात वाढीची वर्तुळं दिसत नाहीत. २००५ मध्ये मोआच्या काही जातींची हाडं आडवी कापून पाहिली, तर वर्तुळं होती. काहींना पुरतं वाढायला दहा वर्षांपर्यंत लागत. म्हणजे अर्धवट वाढलेल्या पिल्लाचीही वेगळी जात होण्याचा धोका होताच.

मादागास्करच्या हत्तीपक्ष्यांचं (तेही न उडणारे, प्रचंड आणि आता नामशेष) प्रकरण अजून ताजं आहे. २०१८ मध्ये शेकडो हाडं मोजून सर्वांत मोठ्या पक्ष्यांना वोरोम्बे टायटन हे नवं नाव मिळालं. तिथल्या उष्ण हवेत हाडातला डीएनए फारसा टिकत नाही, पण अंड्याच्या कवचात टिकतो. २०२३ मध्ये कवचांच्या डीएनएवरून असं पुढे आलं की वोरोम्बे वेगळा मानायला आधार दिसत नाही. ती एपिऑर्निस मॅक्सिमस या आधीच माहीत असलेल्या हत्तीपक्ष्याच्याच माद्यांची हाडं असू शकतील. मला हे पटतं. तरी मोजणाऱ्यांची मेहनत वाया गेली असं कुणी म्हटलं की मला राग येतो. ती मापं नसती तर हा प्रश्नच कुणाला पडला नसता.

आपल्याकडेही शहामृग होते. जळगाव जिल्ह्यातल्या पाटण्याला उत्खननात शहामृगाच्या अंड्याच्या कवचांचे तुकडे मिळाले, त्यांतल्या एकावर कोरलेली नक्षी आहे, साधारण २५,००० वर्षांपूर्वीची. भारतातल्या अशा जुन्या कवचांतून डीएनएही मिळाला आहे आणि तो आफ्रिकेतल्या शहामृगाशी जुळतो. पण हिमालयाच्या पायथ्याच्या शिवालिक टेकड्यांमधली शहामृगाची हाडं लाखो वर्षांची, दगड झालेली. तिथे डीएनएची आशा नाही. तिथे सांधे, वर्तुळं आणि मापंच.

टीवायची एक मुलगी पुढे असल्याच हाडांवर काम करायचं म्हणते आहे. मी तिला आधी चिकनवाल्याकडे आणि मुळशीला पाठवते आहे: एकाच कळपातले नर, माद्या, तलंगा, पिल्लं, सगळ्यांची हाडं जमव, प्रत्येकावर लिंग, वय आणि ठिकाण शाईने लिही, आणि एका जातीच्या आत किती फरक पडतो ते आधी मोजून आण.