संसार तेवढा राहिला

"सगळं खरं गं, पण बाईनं संसार तेवढा केला नाही बघ." निपाणीत आज शोकसभेत शेजारच्या काकू कानाशी कुजबुजल्या.

1980च्या सुमारास तंबाखूच्या वखारींतल्या बायका संघटित झाल्या, तेव्हापासून ही बाई त्यांच्यासोबत. दिवसभर खकाणा नाकातोंडात, वर मुकादमाच्या शिव्या. मुली देवाला सोडायला बंदी घालणारा कर्नाटकचा कायदा 1982चा; पण कायदा काय, कागदावर. यल्लम्माच्या नावानं पोर सोडणाऱ्यांच्या दारात ही जाऊन बसायची. कन्नडमधनं भांडायची, मराठीतनं समजूत काढायची.

वखारीतली एक म्हातारी हार बाजूला ठेवून फोटोची काच पदरानं पुसत राहिली. कितीतरी वेळ.

व्यासपीठावरचे अध्यक्षही बिनलग्नाचेच की! त्यांचा राहिलेला संसार काकूंना का आठवला नसेल?