तुम्ही विचारलंत म्हणून: विकतचा गेम अडतो आणि फुकटचा का चालतो?

"भाऊ, पोराने हट्ट धरला म्हणून पैसे भरून गेम घेतला, तो चालेना. शेजारच्याने तोच गेम पेनड्राइव्हवर आणून दिला, तो लगेच सुरू झाला. असं कसं?"

नाशिकला सिडकोत पवननगरला माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे, २००३ पासून. हा प्रश्न महिन्यातून दोन-तीनदा तरी कानावर येतो. विचारणारे बहुतेक आईवडील असतात. अंबडच्या कारखान्यातली शिफ्ट संपवून, सीपीयू स्कूटरवर पायाशी ठेवून आलेले. काउंटरवर गिऱ्हाईक थांबलेलं असताना सगळं सांगणं जमत नाही, म्हणून इथे लिहितो.

गेमला कुलूप असतं, म्हणजे गेम विकतचाच आहे ना हे तपासणारा प्रोग्रॅम. चोरी करणारा ते कुलूप तोडूनच गेम पुढे देतो, त्यामुळे फुकट घेणाऱ्याला ते कधी दिसतच नाही. पैसे भरणाऱ्याच्या हातात मात्र गेम कुलपासकट येतो. कुलूप बिघडलं की अडकतो तोच.

हे मला पहिल्यांदा नीट कळलं २००९ साली. दहावीला चांगले मार्क पडले म्हणून आमच्या कॉलनीतल्या एका मुलाला वडिलांनी गेमची ओरिजिनल डीव्हीडी घेऊन दिली होती. डब्याच्या मागे बारीक अक्षरांत छापलेलं होतं की हा गेम तीनदाच कोड भरून अ‍ॅक्टिव्हेट करता येईल. त्याने ते वाचलं नव्हतं, मीही नाही. पहिल्यांदा त्याने घरी गेम टाकला. मग कुणाच्या तरी पेनड्राइव्हमधून व्हायरस आला, मी फॉरमॅट मारून दिला, गेम पुन्हा टाकला. पावसाळ्यात व्होल्टेज वरखाली होऊन मदरबोर्ड जळाला. नवा बोर्ड बसवला तर गेमने त्याला वेगळा कॉम्प्युटर धरलं आणि तिसरं अ‍ॅक्टिव्हेशन गेलं. दिवाळीच्या सुट्टीत हार्ड डिस्क बंद पडली.

नवी डिस्क घालून विंडोज टाकलं आणि तो माझ्यासमोर स्टुलावर बसून कोड भरायला लागला. पुस्तिकेच्या पाठीवर चिकटवलेली ती पट्टी, त्यावरचं एकेक अक्षर तो मोठ्याने वाचत होता. एका ठिकाणी शून्य आहे की ओ, हे बघायला त्याने पुस्तिका ट्यूबलाइटखाली धरली. एंटर दाबलं. मर्यादा संपली, असा मेसेज आला. त्याला वाटलं आपलंच अक्षर चुकलं. त्याने पुन्हा सगळा कोड भरला, मग तिसऱ्यांदा भरला.

मी त्याच्या वतीने कंपनीला मेल केला. चार दिवसांनी उत्तर आलं: खरेदीच्या बिलाचा आणि डब्याचा फोटो पाठवा. डबा होता. बिल म्हणजे दुकानदाराने दिलेली कच्ची चिठ्ठी, तिच्यावर 'गेम १' आणि खाली रक्कम. दुकानाचं नावसुद्धा नाही. ती त्यांनी मानली नाही. मुलगा मला म्हणाला, "काका, पण मी तर एकाच घरात, एकाच टेबलावर खेळतोय ना?" पहिलं सोडलं तर बाकीची दोन्ही अ‍ॅक्टिव्हेशन माझ्या हातून खर्च झाली होती. ते दुःख मला अजून आहे.

हा त्रास एकट्या त्या मुलाचा नव्हता. सप्टेंबर २००८ मध्ये 'स्पोर' नावाचा मोठा गेम आला, त्यातही सिक्युरॉम नावाचं कुलूप आणि तीन अ‍ॅक्टिव्हेशनची मर्यादा होती. लोक इतके चिडले की अ‍ॅमेझॉनवर त्याला हजारोंनी एक-तारा अभिप्राय पडले, अमेरिकेत दावेही दाखल झाले. कंपनीला मर्यादा तीनवरून पाचवर न्यावी लागली, आणि वापरलेलं अ‍ॅक्टिव्हेशन परत करायची सोयही नंतर आली. तोपर्यंत कुलूप तोडलेला 'स्पोर' जगभर वाटून झाला होता. म्हणजे ज्याला अडवायचं तो अडला नाहीच, मोजणी झाली ती पैसे भरणाऱ्याची.

दुसरी तऱ्हा जुन्या डिस्कची. दिवाळीची साफसफाई झाली की माळ्यावरचे डबे माझ्याकडे येतात. मागे एक गृहस्थ २००४ सालचा कार रेसिंगचा गेम घेऊन आले. कॉलेजात असताना आपण काय खेळायचो ते त्यांना मुलाला दाखवायचं होतं. डिस्कवर एक ओरखडा नाही, विंडोज १० मात्र गेम उघडेना. त्या काळच्या बऱ्याच गेममध्ये सेफडिस्क नावाचं कुलूप असायचं. डिस्कवर अशी खूण ठेवलेली असे, जी साध्या सीडी रायटरने कॉपी होत नाही. गेम सुरू होताना ती खूण तपासली जाई आणि त्यासाठी विंडोजच्या पोटात एक ड्रायव्हर, म्हणजे मदतनीस प्रोग्रॅम, लागे. तो ड्रायव्हर सुरक्षेच्या दृष्टीने धोक्याचा म्हणून मायक्रोसॉफ्टने २०१५ मध्ये विंडोज १० मध्ये घेतलाच नाही, आणि त्याच वर्षी सप्टेंबरच्या अपडेटने जुन्या विंडोजमध्येही बंद केला. त्यामुळे गेम धड, डिस्क धड, तरी दार बंद. कुलूप काढलेली कॉपी ज्याच्याकडे आहे, त्याला ही अडचण येतच नाही. त्या गृहस्थांना मी दहा मिनिटं हे समजावलं. त्यांनी डबा शर्टाने पुसला आणि परत पिशवीत ठेवला.

मग नेटचं कुलूप आलं, आणि आपल्या गावात सगळ्यात जास्त छळलं ते यानेच. २०१० मध्ये युबिसॉफ्टने 'असॅसिन्स क्रीड २' पीसीवर आणला तो सतत नेट लागेल या अटीवर. एकट्याने खेळायचा गेम, पण नेट तुटलं की खेळ थांबणार. मार्चमध्ये कंपनीच्याच सर्व्हरवर, म्हणजे नेटवरून गेम तपासणाऱ्या तिच्या कॉम्प्युटरवर, हल्ला झाला आणि घराघरांत विकत घेणारे लोक हातावर हात धरून बसले. आपल्याकडे तेव्हा टेलिफोनच्या तारेवरून नेट यायचं. पाऊस लागला की लाइन खरखरायची आणि नेट जायचं, आणि महिन्याला डाउनलोडची मर्यादा वेगळीच. आजही आमच्या भागात शनिवारी देखभालीसाठी लाईट गेली की इन्व्हर्टरवर कॉम्प्युटर चालतो, पण कॉलनीतलं नेट बंद पडतं. पोरं मग मोबाइलचा हॉटस्पॉट देऊन गेमची 'ओळख' पटवतात. स्वतःच्या पैशाने घेतलेल्या वस्तूसाठी ही धडपड मला बघवत नाही.

२०१३ च्या मार्चमध्ये 'सिमसिटी'चं असंच झालं. सर्व्हरवर गर्दी झाली आणि पहिल्या दिवसांत पैसे भरलेल्यांना स्वतःचं शहर उघडता येईना. गेम काढणाऱ्या ईए कंपनीने भरपाई म्हणून एक गेम फुकट दिला. वर्षभराने, २०१४ मध्ये, तोच गेम नेटशिवाय चालायला लागला.

आता प्रश्नाच्या दुसऱ्या भागाकडे येतो: फुकटचा गेम 'जास्त चांगला' चालतो का? कधी कधी खरंच चालतो, आणि हे म्हणणारी मुलं खोटं बोलत नाहीत. मे २०२१ मध्ये आलेल्या 'रेसिडेंट इव्हिल व्हिलेज'मध्ये शत्रूवर गोळी झाडली की चित्र अडखळायचं. कुलूप काढलेल्या कॉपीत ते अडखळणं नव्हतं. मोजमाप करणाऱ्या जाणकारांनीही तेच सांगितलं. शेवटी गेम बनवणाऱ्या कॅपकॉमने जुलैमध्ये पॅच, म्हणजे दुरुस्तीची फाइल, देऊन कुलपाचा भाग सुधारला. त्याच वर्षअखेरीस इंटेलचे बाराव्या पिढीचे प्रोसेसर आले. त्यांत दोन प्रकारचे कोअर, म्हणजे प्रोसेसरमधले काम करणारे भाग होते, मोठे आणि छोटे. काही गेमच्या कुलपाला वाटलं की छोटे कोअर म्हणजे दुसराच कॉम्प्युटर, आणि गेम बंद पडू लागले. इंटेलने पन्नासहून जास्त गेमची यादी दिली होती. तोडगा काय, तर बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या सेटअपमध्ये, एक सेटिंग चालू करायचं आणि गेम उघडण्याआधी कीबोर्डवरचं स्क्रोल लॉक दाबायचं, म्हणजे छोटे कोअर झोपतात. लाखभर रुपयांचं मशीन घेणाऱ्या माणसाला हे करावं लागलं. पुढे पॅच आले, पण त्याला काही महिने गेले.

कंपन्यांची बाजू मला कळते. एका मोठ्या गेममागे शेकडो माणसांची काही वर्षं असतात आणि विक्रीचा मोठा भाग पहिल्या काही आठवड्यांत होतो. तेवढ्या काळापुरतं कुलूप लावलं तर मी तक्रार करणार नाही. 'डूम' मे २०१६ मध्ये डेनुव्हो नावाचं कुलूप लावून आला आणि डिसेंबरात कंपनीने ते स्वतःच काढून घेतलं. असं सगळ्यांनी करावं, एवढंच माझं मागणं आहे. कुलपाची मुदत ठरवा आणि ती संपली की घेणाऱ्याला मोकळं करा. नाहीतर 'द क्रू'सारखं होतं. २०१४ चा हा गाड्यांचा गेम एकट्याने खेळायलाही सर्व्हर लागायचा. ३१ मार्च २०२४ ला सर्व्हर बंद झाले आणि विकत घेतलेल्या सगळ्या प्रती एका रात्रीत निकामी झाल्या. कॅलिफोर्नियात आता कायदा आहे, १ जानेवारी २०२५ पासून: डिजिटल वस्तू विकताना तुम्ही फक्त परवाना देत असाल तर गिऱ्हाइकाला तसं स्पष्ट सांगायचं, नुसतं 'खरेदी करा' लिहून भागणार नाही. आपल्याकडेही हे हवं.

"मग तुम्हीच क्रॅक टाकून द्या ना," म्हणजे कुलूप तोडणारी फाइल, हे गिऱ्हाइकाचं पुढचं वाक्य असतं. मी देत नाही. एक म्हणजे ज्याने गेम बनवला त्याचे पैसे बुडतात. दुसरं, २०१२ च्या दुरुस्तीनंतर आपल्या कॉपीराइट कायद्यात कलम ६५अ आहे. हक्क मोडण्याच्या हेतूने असं कुलूप तोडलं तर दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड. तिसरं रोज डोळ्यांनी बघतो. क्रॅक टाकताना आधी अँटीव्हायरस बंद करायला सांगतात, आणि त्यानंतर आईच्या बँकेचे पासवर्ड ज्या ब्राउझरमध्ये आहेत तोच कॉम्प्युटर माझ्याकडे साफ करायला येतो.

त्यापेक्षा मी लोकांना 'गॉग' नावाची वेबसाइट दाखवतो. २००८ पासून ही मंडळी बिनकुलपाचे गेम विकतात. पैसे भरा, फाइल उतरवा, पेनड्राइव्हवर जपून ठेवा, दहा वर्षांनी नव्या मशीनवर टाका, कोणी विचारत नाही. 'विचर ३' २०१५ मध्ये पहिल्या दिवसापासून तिथे असाच बिनकुलपाचा मिळत होता. २०२३ पर्यंत त्याच्या सगळीकडे मिळून ५ कोटींवर प्रती खपल्या. तो रेसिंगचा डबा आणलेल्या गृहस्थांनाही मी त्यांचा गेम तिथे शोधून बघितला. नव्हता. तेव्हा त्यांनी दुसरा एक जुना गेम घेतला आणि बापलेक दुकानातच अर्धा तास खेळले.

त्या मुलाच्या प्रसंगानंतर मी एक सवय लावून घेतली. मशीन फॉरमॅटला आलं की स्क्रू ड्रायव्हर हातात घेण्याआधी विचारतो, "ह्यात विकतचे गेम आहेत का?" असतील तर आधी ते उघडून, परत करता येत असतील तेवढी अ‍ॅक्टिव्हेशन परत करतो, कोड वहीत उतरवतो आणि मगच डिस्क पुसतो. हार्ड डिस्क पार गेलेली असेल तर यातलं काहीच करता येत नाही. तेव्हा निदान एवढं करा, गेमचं पक्कं बिल घ्या आणि त्याचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा.