सात सेव्ह

शुक्रवार, रात्री साडेबारा

जुन्या हिटमॅन या कॉम्प्युटर गेममधल्या हिडन व्हॅली नावाच्या लेव्हलमध्ये आज चौथ्यांदा मेलो. मेल्याचं काही नाही, पण त्याआधी दहा-बारा मिनिटं बर्फातून मुकाट चालत आलो होतो, ते सगळं पाण्यात गेलं. सेव्ह केलं नव्हतं. एका मिशनला सातच सेव्ह मिळतात, त्यातले दोनच उरलेत, आणि ते मी आजीने नथ जपावी तसे जपतोय.

हे सगळं भाच्यामुळे सुरू झालं. बारावीची परीक्षा संपवून तो आठ दिवस राहायला आलाय. आल्या आल्या म्हणाला, "मामा, हिटमॅन टू खेळूया?" मी केवढा खूश! म्हटलं, या पोराला हिटमॅन टू माहीत आहे. लगेच लॅपटॉप काढून जुना गेम उतरवून घेतला. तो दहा मिनिटं स्क्रीनकडे बघत बसला आणि मग हळूच म्हणाला, "मामा, हा कुठला?"

त्याचा हिटमॅन टू २०१८चा, माझा २००२चा. नाव तेच, ४७ नावाचा टकला मारेकरीही तोच, डोक्यामागचा बारकोडही तोच, आणि दोन्ही कोपनहेगनच्या आयओ इंटरॅक्टिव्हनेच केलेले. फक्त मधली सोळा वर्षं वेगळी. माझ्या गेमचं पूर्ण नाव हिटमॅन २: सायलेंट असॅसिन. म्हणजे पहिल्या कोडनेम ४७चा पुढचा भाग. त्या पहिल्यात तर मिशन चालू असताना सेव्हच करता यायचं नाही, त्यामुळे दुसऱ्या भागात सात सेव्ह मिळाले तेव्हा आम्हाला दिवाळीच वाटली होती. अवघडपणाच्या पातळीनुसार नॉर्मलला सात, एक्स्पर्टला दोन, प्रोफेशनलला शून्य.

शनिवार

भाच्याने माझ्या गेमचं पहिलं मिशन सकाळी नाश्त्याच्या आधी संपवलं. सिसिलीतला डॉनचा बंगला. तो सरळ गेटमधून आत गेला, दिसेल त्याला गोळी घातली, डॉनच्या खिशातली किल्ली घेतली, तळघर उघडलं, ज्याला सोडवायचं तो पाद्री तिथे नव्हताच, आणि बाहेर पडला. शेवटी स्क्रीनवर पदवी आली: मास मर्डरर. "झालं की," म्हणाला. "अवघड काय आहे यात?"

मला उत्तर सुचलं नाही, कारण तो खोटं बोलत नव्हता. गोळ्या झाडत गेलं तर हा गेम फार अवघड नाही. पहारेकरी एकेक करून दारातून येतात आणि तुम्ही दाराआड उभे असता. निम्मा गेम असाच काढता येईल. अवघड आहे ते सायलेंट असॅसिन ही पदवी मिळवणं. ज्याला मारायचं त्यालाच मारायचं, बाकी कोणाला कळता कामा नये. आणि ही अट गेम तुमच्यावर लादत नाही. शेवटी फक्त हिशोब मांडतो: गोळ्या किती, मेले किती, त्यातले निरपराध किती, किती वेळा बोंब झाली. परीक्षेचा निकाल भिंतीवर लावावा तसा. मग लाज वाटायची तर तुमची तुम्हाला वाटते.

मी त्याला माझी पद्धत दाखवली. बंगल्याच्या भिंतीशी एक पहारेकरी लघवीला येतो, त्याच्या मागून दबकत जायचं, क्लोरोफॉर्म, मग त्याचे कपडे, त्याचीच बंदूक. बंदूक त्याचीच हवी. कपडे पहारेकऱ्याचे आणि हातात भलतंच हत्यार दिसलं तर संशय येतो. मग फाटकातून चालत आत. चालत. पळालात की कोपऱ्यातली संशयाची पट्टी फडफडायला लागते. क्लोरोफॉर्म उतरला की तो मनुष्य उठतो आणि चड्डीवर बोंबलत सुटतो, म्हणून घड्याळाकडेही लक्ष ठेवायचं.

हे सगळं करायला मला चाळीस मिनिटं लागली. त्यातली बरीचशी मी भिंतीशी उभा होतो. बायको चहा ठेवून गेली, परत कप न्यायला आली, तरी मी भिंतीशीच. "एवढा वेळ तो माणूस काय करतोय तिथे?" तिने विचारलं. "वाट बघतोय." "तुझ्यासारखंच झालं," म्हणाली आणि गेली.

रविवार

दादाला फोन केला. दादा म्हणजे माझा मामेभाऊ. २००३ साली सांगलीत विश्रामबागेच्या बाजूला एक सायबर कॅफे होता, तिथे आम्ही दोघं एका खुर्चीवर अर्धे-अर्धे बसून हा गेम खेळलो. तासाला वीस रुपये. हेडफोनच्या उजव्या कानातून आवाज यायचा नाही, त्यामुळे संगीतकार येस्पर किडचं ते संगीत, बुडापेस्टच्या सिंफनी ऑर्केस्ट्राने वाजवलेलं, आम्ही वर्षभर डाव्या कानाने ऐकलं. परवा दोन्ही कानांनी ऐकलं तर त्यात कोरसही आहे! गात होते बिचारे, आम्हालाच पोचत नव्हतं.

चार नंबरचं मशीन आमचं. प्रोफाइलला दोघांच्या नावांची पहिली अक्षरं. एकदा सहामाहीच्या आठवड्यात गेलो नाही, परत आलो तर प्रोफाइल उडालेलं. कोणीतरी नवीन खेळायला बसलं असेल आणि जुनं पुसून टाकलं असेल. कॅफेवाला म्हणाला, "मशीन माझं आहे, सेव्ह तुमचे आहेत का?" या वाक्यावर दादा अजूनही हसतो. तेव्हा रडला होता, पण ते लिहायला नको.

विषय निघाला हिडन व्हॅलीचा. दादाचं मत तेव्हापासून ठरलेलं: तो लेव्हल अवघड नाही, लबाड आहे. जपानातला बर्फाळ डोंगर, दरी, मधून रस्ता, त्यावर ट्रक, आणि ज्याला मारायचं त्या हायामोतोची माणसं. त्याच माणसांचे कपडे घालून तुम्ही लांबून चालत जाता, तरी एखादा मध्येच थांबतो आणि थेट गोळी घालतो. "अरे, मला माझा सख्खा भाऊ एवढ्या लांबून ओळखू येत नाही. त्याला कसं कळतं, याच्या तोंडावरच्या फडक्याआड टक्कल आहे म्हणून?"

मी गेली वीस वर्षं दादाशी वाद घालत आलोय. म्हणजे मी म्हणायचो की तू नीट चालत नाहीस, मध्येच पळतोस. आज वाद घातला नाही. चार वेळा मेल्यावर माणूस नरमतो. सिसिलीत पकडलो गेलो की चूक काय झाली ते मला कळतं: पळालो, चुकीची बंदूक घेतली, नको त्या खोलीत शिरलो. व्हॅलीत कळत नाही. एकाच जागेवरून त्याच वेगाने दोनदा गेलो, एकदा मेलो, एकदा नाही. त्यातून शिकायचं काय? नशीब शिकता येत नाही.

पण दादाला एक आठवण करून दिली. त्याच्या आधीचं मिशन, हायामोतोच्या पोराच्या मेजवानीचं. फुगु माशाचं विष त्याच्या जेवणात, आणि मग त्याच्या अंगात ट्रान्समीटर लपवायचा, म्हणजे प्रेत बापाकडे गेलं की पत्ता आपल्याला कळला. "ते मिशन ज्याने रचलं त्यानेच व्हॅली रचली असेल?" दादा म्हणाला, "नाही. व्हॅली त्याच्या साडूने रचली."

सोमवार

आज भाच्याचा गेम. त्याने मुद्दाम मुंबईचा लेव्हल लावला, मामाला आवडेल म्हणून.

आवडला, खोटं कशाला बोलू. धोबीघाटासारखे वाळत घातलेले कपडे, गर्दी, अर्धवट बांधलेला टॉवर, रेल्वेचं यार्ड. गर्दी तर अशी की आपल्या जुन्या गेममध्ये सगळ्या वीस मिशनांत मिळून एवढी माणसं नसतील. तीन जणांना मारायचं: दाऊद रंगन, वान्या शाह आणि वझीर काळे. काळे! मी तिथेच थांबलो. वझीर काळे, पूर्वाश्रमीचा समुद्री चाचा. नगरकडचा की बीडचा, हे विचारायचं राहिलं. एवढ्या गर्दीत मराठी शब्द एकही कानावर पडला नाही, पण आडनाव तरी मिळालं.

या काळेचा चेहरा सुरुवातीला माहीतच नसतो, तो शोधून काढावा लागतो. ही कल्पना फार सुंदर आहे. आणि मग गेमने काय केलं? "मिशन स्टोरी" नावाचं प्रकरण उघडलं, स्क्रीनवर खूण आली, इकडे जा, न्हाव्याचे कपडे घाल, इथे उभा राहा. भाचा न्हावी झाला, काळे खुर्चीत येऊन बसला, मान मागे टाकली. वस्तरा. पुढचं लिहीत नाही. मी म्हटलं, "हे तू केलंस की गेमने केलं?" त्याला राग आला. म्हणाला, "खुणा बंद करता येतात, मामा. आणि मास्टर डिफिकल्टीवर अख्ख्या मिशनला एकच सेव्ह असतो. तुझ्या सातवर काय एवढं."

एकच! हे मला माहीत नव्हतं. मग त्याने खुणा बंद करून मास्टरवर खेळून दाखवलं. तिथे एक काश्मिरी नावाचा दुसरा मारेकरी फिरत असतो, त्यालाही याच लोकांची सुपारी मिळालेली. भाच्याने स्वतः हात न लावता दोघांना त्याच्या बंदुकीच्या टप्प्यात आणून उभं केलं. पोरगं वीस मिनिटं भिंतीशी उभं होतं. बायकोने दारातून बघितलं आणि काही न बोलता परत गेली.

मंगळवार

एक गोष्ट लिहायची राहिली होती, ती टाळत होतो.

जुन्या गेममध्ये तीन मिशनं पंजाबात आहेत. तिथे कुठल्याशा पंथाचा गुरू आहे, नाव दीवाना जी (असली नावं द्यायची ही खोड तेव्हापासूनचीच), त्याचं हॉस्पिटल आहे, आणि आधी एक मंदिर असलेलं शहर. ते मंदिर हरमंदिर साहिबसारखं, म्हणजे सुवर्णमंदिरासारखं दिसतं आणि तिथे पगडीवाले मरतात. २००२ साली शीख संघटनांनी त्यावर हरकत घेतली, काही दुकानांनी गेम काढून ठेवला, आणि नंतर विंडोजसाठी तो भाग बदललेली आवृत्ती आली. १९८४ ज्या जागेने पाहिलं, तिथलं चित्र घेऊन हे करायचं?

आम्ही सांगलीत खेळलो तेव्हा आमच्या काही लक्षात आलं नाही. आमची सीडी जुनी होती की बदललेली, हेही सांगता येणार नाही. दादाला आठवतं ते एवढंच, "शेवटी आपल्याकडचा लेव्हल आला रे," म्हणून आम्ही समोशांची पार्टी केली होती. भाच्याला हे सांगितलं. तो म्हणाला, "आज ते कोणी करूच शकणार नाही." मग मुंबईचा, झोपडपट्टीचा लेव्हल कसा चालतो, असं मी विचारलं. त्यावर तो गप्प बसला. मलाही पुढे काही सुचलं नाही. त्या मिशनांपाशी पोचलो की खेळायची की नाही ते बघू. आत्ता तर दरीतच अडकलोय.

गुरुवार, रात्री

भाचा दुपारच्या गाडीने गेला. जाताना म्हणाला, "मामा, तुझा गेम चांगलाय, पण चालायला फार लावतो." मी म्हटलं, तोच तर गेम आहे. तो हसला आणि बूट घालायला वाकला.

जेवण झाल्यावर हिडन व्हॅली उघडली. काल रात्री मी रस्त्याच्या कडेला दगडाआड पोचलो होतो, ट्रक येऊन थांबतात त्याच्या अलीकडे. दोन सेव्ह उरलेले. आज सकाळी ऑफिसला जाताना लॅपटॉप तसाच उघडा ठेवून गेलो होतो, ही माझी चूक.

उरलेले सेव्ह: शून्य. यादीत दोन नवीन नोंदी, दोन्ही दुपारी बाराच्या सुमाराच्या. म्हणजे निघण्याआधी त्याने स्वतः चालून बघितलं. मला न सांगता.

पहिली नोंद उघडली. दगड बराच मागे राहिला होता. मी पाच दिवसांत जिथे पोचलो नव्हतो तिथे ४७ उभा, अंगावर पहारेकऱ्याचे कपडे, हातात त्याचीच बंदूक, पट्टी शांत. चालत गेला होता पोरगा.

मग दुसरी नोंद उघडली. गोळीचा आवाज आधी आला, चित्र नंतर.